एक काना जास्त

४ फेब्रुवारी, मंगळवार

काढताहेत म्हणे. बँडच्या निवडक गाण्यांचा संग्रह. चौदा गाणी, जाड पुठ्ठ्याचं वेष्टन, आत रंगीत पुस्तिका. बाळचा सकाळी फोन आला तेव्हा मी एका औषधाच्या माहितीपत्रकाचं प्रूफ वाचत होते — "चक्कर, मळमळ, क्वचित मृत्यू" — आणि हा म्हणतो, "ताई, बसलीयेस ना? आपला संग्रह येतोय."

आपला! बँड या माझ्या धाकट्या भावाचा, फोटो याचे, सह्या याच्या. काही काम निघालं की तेवढ्यापुरता आपला.

त्यातली गंमत अशी की जुन्या मूळ टेपा रेकॉर्ड कंपनीच्या गोदामात ओल लागून गेल्या. बुरशी चढली. म्हणजे चौदाच्या चौदा गाणी परत गायची, परत वाजवायची, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की जुनीच आहेत. मी पहिल्यांदा तेच विचारलं. "मग 'दार' पण परत गाणार?" हो म्हणाला. संग्रहातलं पहिलंच गाणं ते.

"मग या वेळी नीट गा."

तो हसला. "बघू गं."

हे मी बाहेर कुणाला सांगत नाही. सांगून झालं, कुणी ऐकत नाही. ते गाणं मी लिहिलं. "जायचे ते गेले, रस्ते लांबले, दार लावायला मी थांबले." थांबले. बाई बोलतेय. मी बोलतेय. आणि या राजाने रेकॉर्डिंगच्या दिवशी माईकसमोर उभं राहून गायलं — "दार लावायला मी थांबलो." एक काना जास्त. त्या एका उभ्या रेघेने माझी बाई गेली आणि तिच्या जागी पुरुष येऊन उभा राहिला. यमक मोडलं ते वेगळंच. लांबले आणि थांबलो — शाळेतलं पोरही असं करणार नाही. मोडलेलं यमक कळू नये म्हणून ढोल्याने, म्हणजे बँडच्या ड्रमरने, त्या "लो"वर दणकून झांज हाणली. लोकांना तीच आवडली. अजून कार्यक्रमात सगळं सभागृह एकसाथ "लो" म्हणून ओरडतं.

जो आयुष्यात कुठे म्हणून थांबला नाही तो गावोगाव सांगत फिरतो, मी थांबलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आईने तीनदा विचारलं, "बाळ जेवला होता का फोन केला तेव्हा?" त्रेपन्न वर्षांचं बाळ. मी जेवले का ते विचारायचं राहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

कंपनीच्या बाईंचा बँडला निरोप गेलाय: प्रत्येकाने आपापले आवडते निवडक गाण्यांचे संग्रह सांगायचे, चार ओळींत, पुस्तिकेत छापायला. मला अर्थातच विचारलेलं नाही. मी बँडमध्ये नाही. पण ही वही माझी आहे, इथे लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तर पहिला. तीन परदेशी बहिणींच्या बँडची कॅसेट. मामाने कुठूनशी भरून आणली होती, वर नुसतं "बेस्ट" लिहिलेलं. एक शब्द कळायचा नाही. मी आणि बाळ पलंगावर पालथे पडून ऐकायचो, मध्ये टेपरेकॉर्डर. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं, कारण टेप संपायची. आम्हाला वाटायचं गाणंच तसं आहे — बोलता बोलता माणूस उठून जातो तसं. पुढे बऱ्याच वर्षांनी बाळने ते अख्खं ऐकलं आणि लांबून कुठूनतरी फोन केला, "ताई, पुढे काहीच नाहीये गं त्यात. तेच तेच आहे. आपलंच बरं होतं." त्या एका फोनवर मी त्याचं बरंच काही खपवून घेतलंय.

दुसरा, एका पियानोवाल्या म्हाताऱ्याचा. गाजलेली गाणी त्याने उतारवयात परत गायली. आवाजाच्या पार चिंध्या. बाळ म्हणतो ही लबाडी आहे, जुन्या नावावर नवा माल खपवला. मला उलटं वाटतं. तरुणपणी जे नुसतं म्हटलं होतं ते म्हाताऱ्याला आता कळलं होतं, आणि ते ऐकू येतं. म्हणून तर बाळ परत गाणार हे ऐकल्यापासून जीव वरखाली होतोय. कुणास ठाऊक, यालाही कळलं असेल.

तिसरा, एका बँडचा. आयुष्यात एकच अल्बम काढला आणि पाठोपाठ "सर्वोत्तम गाणी" काढली. दहातली आठ तीच. ढोल्या म्हणाला होता, "दोन वाईट होती हे यांना इतक्या लवकर कळलं, आपल्याला अजून कळत नाही." पोट धरून हसलो होतो. तेव्हा सगळे एका खोलीत हसायचो.

बाकी "निवडक" हा शब्दच माझ्या डोक्यात जातो. तांदूळ निवडतात तसं. खडे बाजूला काढायचे आणि वर म्हणायचं, किती स्वच्छ! आमच्या घरातही निवड झालीच की. बाबांना पक्षाघात झाला तेव्हा मला दुसऱ्या शहरातल्या वर्तमानपत्रात नोकरी लागली होती. बाळचा बँडबरोबर पहिला दौरा होता. आई म्हणाली, "त्याला जाऊ दे, त्याचं वय आहे." माझं वय नव्हतं? पाच वर्षांनी मोठी, एवढाच गुन्हा. तो गिटार घेऊन गेला, दार सताड उघडं टाकून. मी उठले आणि लावलं. कडीला हात असतानाच ती ओळ आली. दौऱ्यावरून परतल्यावर त्याला दाखवली, तर म्हणाला, "ही मला दे." दिली. लहानपणापासून जे मागेल ते द्यायची सवय होती, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाळ येऊन गेला. आईला शाल. मला काहीच नाही हे दारात आल्यावर लक्षात आलं असावं, कारण परत गाडीकडे जाऊन एक पेन घेऊन आला. लाल शाईचं. "तुला कामाला येईल." सही देताना कुणीतरी भेट दिलेलं असणार, वर भलत्याच कंपनीचं नाव होतं.

आवाज बसलाय त्याचा. दर दोन वाक्यांमागे खाकरत होता. "धूळ आहे सगळीकडे," म्हणाला.

चहा पुढे ठेवून मी विषय काढला. तो कपात बघून म्हणाला, "ताई, पुरुषाच्या तोंडी 'थांबले' कसं घालू? लोक हसतील."

"इतकी वर्षं रडले ना? आता थोडं हसू देत."

"त्यांना ते 'लो' हवं असतं गं. त्याच्यासाठी येतात."

"आणि यमक?"

"यमक तुझ्याशिवाय कळतं कुणाला?"

हे खरं आहे म्हणूनच लागलं. मी बशी जरा जोरातच आपटली. आतून आई, "काय भांडताय रे? पोर कधी नव्हे ते आलंय." पोर! मग पोराने हात वर केले. "बरं बाई. या वेळी तुझं. शब्द देतो."

"मीही तुला शब्दच दिला होता," मी म्हटलं. "त्याचं काय केलंस?"

यावर तो उठला. जाताना दार ओढलं, ते लागलं नाही, तसंच टाकून गेला. आमचं दार फुगलंय. मूठ वर उचलून खांद्याने रेटावं लागतं. घरात राहणाऱ्याला ते माहीत असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पेन गळतं.

३ मार्च, सोमवार

धूळ नव्हती. स्वरयंत्रावर गाठ आहे. वाईट जातीची नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण काढावी लागेल. आणि काढल्यावर आवाज परत पहिल्यासारखा येईल असं कुणी सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेची तारीख दोन महिन्यांनंतरची. तोवर गाणं बंद. बोलणंही बंद. हे मला ढोल्याने फोनवर सांगितलं.

कंपनीला थांबता येत नाही. जाहिराती गेल्यात. त्यामुळे गाणी दुसरं कुणी गाणार. मुलगी आहे, नवी, हल्ली बरंच नाव आहे तिचं.

आणि मला पहिल्यांदा काय सुचलं? भावाचा गळा नाही. सुचलं हे की मुलगी गाणार म्हणजे "थांबले" आपसूकच येणार. मुलगी कशाला थांबलो म्हणेल? लाज वाटली, पण आतून उकळ्या फुटायच्या त्या फुटल्याच. मग त्याच्या गळ्याचा विचार केला आणि भांडी घासत बसले. घासलेली परत घासली.

आईला सांगितलं की त्याला सर्दी झालीय. तिने लगेच मलाच झापलं, मी त्याला गार पाणी दिलं असेल म्हणून.

१२ मार्च, बुधवार

स्टुडिओत जाऊन आले. बाबा गेल्यापासून आई खाटेवरच, तिच्याजवळ शेजारच्या काकूंना बसवलं. तळघरातली खोली, भिंतींना काळा फोम, मध्ये मोठी काच, आणि काचेच्या अलीकडे आम्ही सगळे एका सोफ्यावर दाटीवाटीने. बाळ कोपऱ्यातल्या खुर्चीत, गळ्याला मफलर. कधी नव्हे ती मला नमस्काराची खूण केली. बोलता येत नाही म्हटल्यावर माणूस किती नम्र दिसतो.

पोरगी छान आहे. येऊन माझे हात हातात घेतले. "मावशी, मी शाळेत असल्यापासून हे गाणं गाते." आवाज तर असा की मी त्यात काही खोट काढायला बसले होते तेही विसरले. "जायचे ते गेले" — अंगावर काटा. "रस्ते लांबले" — मी श्वास धरला. "दार लावायला मी थांबलो." ढोल्याची झांज. धाडकन.

मी काचेवर टकटक केलं. असं करत नाहीत म्हणे. रेकॉर्डिस्ट माझा हात धरायचाच बाकी होता.

"अगं, तू मुलगी ना?"

"हो मावशी."

"मग थांबले म्हण."

तिने म्हणून पाहिलं. मन लावून म्हटलं, खोटं कशाला बोलू. पण खोलीतल्या प्रत्येकाचं तोंड दाताखाली खडा आल्यासारखं झालं. कंपनीच्या बाई म्हणाल्या, "काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय, नाही?" रेकॉर्डिस्ट म्हणाला, "'ले'वर झांज बसत नाही." ढोल्या खाली बघत ड्रमच्या काडीने मांडी खाजवत राहिला. आणि ती पोरगी, अगदी मायेने बरं का, समजूत काढावी तशी, "मावशी, गाणं असंच आहे ना. त्यात मी माझं कसं घुसडू?"

घुसडू.

मी बाळकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, शेवटी गाणं त्याचं. त्याने फक्त मान हलवायची होती. एकदाच, हो अशी. त्याने खांदे उडवले.

खांदे उडवायला डॉक्टरांनी बंदी केली नव्हती.

१३ मार्च, गुरुवार

दिवसभर दाढ दुखावी तसं दुखतंय. काय ते कळत नाही.

२ एप्रिल, बुधवार

कंपनीच्या बाईंनी पुस्तिकेची पानं पाठवली. "ताई, तुम्ही घरच्याच. एकदा नजर फिरवाल का? चुका राहायला नकोत." घरच्याच! गाणी कुणी लिहिली इथे छापलंय "बँड". माझा उल्लेख शेवटच्या पानावर आभारात, लाइटवाल्याच्या खाली, "गायकाच्या भगिनी". भगिनीतली पहिली वेलांटी चुकलेली. दुरुस्त केली.

ढोल्याने आवडता संग्रह म्हणून त्या एक अल्बमवाल्या बँडचं लिहिलंय. बाळने तीन बहिणींची कॅसेट लिहिलीय — "अर्ध्यात तुटणारं ते गाणं मी एकटाच ऐकत बसायचो." एकटाच. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मग कोण होतं, उशी?

मग पान सहा. "दार लावायला मी थांबलो."

त्याचंच लाल पेन घेतलं. कान्यावर आडवी रेघ मारली आणि समासात काढून टाकण्याची खूण केली. जन्मभर लोकांचे काने, वेलांट्या, अनुस्वार दुरुस्त करत आले, माझा एक राहिला होता. पेन गळलं आणि समासात मोठा लाल डाग पडला, तर त्याला बाण काढून लिहिलं: हा डाग आहे, दुरुस्ती समजू नये.

पाठवून दिलं.

३ एप्रिल, गुरुवार

कंपनीच्या बाईंचं उत्तर: "सगळ्या दुरुस्त्या केल्या. तुमच्यासारखं बारकाईने कुणी बघत नाही." हे मात्र खरं.

२४ एप्रिल, गुरुवार

संग्रह बाजारात आला आणि आमची पार शोभा झाली.

गाण्यात थांबलो, पुस्तिकेत थांबले. लोकांनी पान सहाचे फोटो काढून, त्यावर गोल काढून, जगभर फिरवलेत. "एवढ्या मोठ्या बँडच्या संग्रहात ही चूक?" "प्रूफ वाचणारा झोपला होता का?" एकाने लिहिलंय, "शाळेत जा आधी." जन्मात पहिल्यांदा त्या गाण्यातला शब्द बरोबर छापून आला, आणि तीच म्हणे चूक. मला काम देणाऱ्या छापखान्याच्या मालकांचाही फोन. "बाई, तुमच्याकडून असं?" त्यांना काय सांगू? काना मुद्दाम काढला म्हणून? हं हं केलं आणि ठेवला.

संध्याकाळी रेडिओवर बाळचं निवेदन. त्याला बोलता येत नाही म्हणून निवेदिकेने वाचून दाखवलं, तेही लाडे लाडे. "माझ्या थोरल्या बहिणीच्या प्रेमळ नजरचुकीबद्दल रसिकांनी मोठ्या मनाने क्षमा करावी."

प्रेमळ नजरचूक!

माझ्या सगळ्या कामात, कायद्याची पुस्तकं, औषधांची पत्रकं, अख्खा शब्दकोश — नजरचूक म्हणून कुणी बोट दाखवलं नव्हतं. ते माझ्या भावाने दाखवलं. आणि वर क्षमाही मागून टाकली माझ्या वतीने.

मग गाणं लावलं. आई खाटेवर, रेडिओ मांडीवर. तिने डोळे मिटले आणि बरोबर गुणगुणायला लागली. "...मी थांबले." मी हातातलं काम खाली ठेवलं.

"आई, थांबले म्हणालीस?"

"मग काय म्हणू? मी काय पुरुष आहे?"

"पण ते गातात वेगळं."

"गाऊ देत. माझं गाणं आहे ते. बाळने माझ्यावर लिहिलंय."

साऱ्या जगात एक माणूस माझं गाणं बरोबर म्हणतं, आणि तिला वाटतं ते बाळने लिहिलं. मी उठले. औषधाची वेळ झाली होती.

७ मे, बुधवार

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. गाण्याचं आता विसरा, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बोलता येईल, हळूहळू, खरखरीत. पण गाणं नाही.

मी जाणार नव्हते. गेले. खोलीत फुलंच फुलं, चाहत्यांनी पाठवलेली, श्वास कोंडला. तो उशीला टेकून बसलेला, गळ्याला पट्टी. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं बस.

आणि मग मी बोलले. सगळं. नोकरी, बाबा, काना, आभारात लाइटवाल्याच्या खाली, उडवलेले खांदे, प्रेमळ नजरचूक. जन्मात पहिल्यांदा त्याच्यासमोर माझं वाक्य पूर्ण होत होतं, कारण मध्ये तोडायला त्याच्याकडे आवाज नव्हता. असं कसलं हे जिंकणं, पण मी थांबले नाही. नर्स दारातून डोकावून परत गेली.

माझं संपल्यावर त्याने मला जवळ ये अशी खूण केली. बोलू नको म्हटलं तरी बोलला. आवाज कसला, नुसती हवा. "थांबले म्हटलं की तू दिसायचीस. दारात. मला गाताच यायचं नाही."

क्षणभर मी विरघळले, हे लिहून ठेवते. मग म्हणाले, "मग मी दिसू नये म्हणून खोडलंस ना मला?"

त्याने डोळे मिटले. हो की नाही, काही कळलं नाही. मी फुलांचं पाणी बदललं आणि आले.

८ मे, गुरुवार

तो खरं बोलला असेल तर जास्त राग येतो. नुसताच पुरुषी अहंकार असता तर सोपं होतं.

२० मे, मंगळवार

बाळ आलाय. दोन पेट्या, गिटार नाही. "थोडे दिवस," म्हणाला, घोगरं, कुजबुजल्यासारखं. त्याचा संसार कधीच मोडला, घरी करणारं कुणी नाही. म्हणजे आता मी दोघांचं करायचं. आई मात्र नुसती फुलून आलीय. त्याचा हात सोडत नाही. "बाळ किती हळू बोलायला लागलाय, शहाणा झाला."

माझी टेबलाची खोली त्याला दिली. प्रुफं आता स्वयंपाकघरात.

२६ मे, सोमवार

दूध उतू घालवलं. आईच्या गोळ्या उलट्यापालट्या दिल्या, सकाळची रात्री. मी दोन शब्द सुनावले तर फडकं घेऊन ओटा पुसायला लागला, तोही त्याच दुधाने. हसू आलं. आवरलं.

३१ मे, शनिवार

कंपनीच्या बाईंचा फोन त्याला. संग्रह संपत आला, परत छापताहेत, तर पान सहावरची ती चूक या वेळी काढून टाकतो म्हणाल्या. मी कणीक मळत होते, कान तिकडे. बाळने घसा साफ केला, दोनदा. "राहू दे," म्हणाला. त्या काहीतरी बोलल्या. "राहू दे तसंच."

बास. चूक म्हणून राहू दे की बरोबर म्हणून, ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. कणीक जरा सैल झाली.

८ जून, रविवार

मैत्रिणीचा फोन. छापखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर असायची, निवृत्त झाल्यावर समुद्राकाठी जाऊन राहिली. दर उन्हाळ्यात बोलावते, दर उन्हाळ्यात मी म्हणते, आईचं कोण बघणार. याही वर्षी तेच म्हटलं. ती म्हणाली, "तुझं हे वाक्य आता छापून घे, वाटायला बरं."

फोन ठेवला तर बाळ दारात उभा, हातात आईची वाटी. मऊ भात भरवून आला होता, शर्टावर शितं. म्हणाला, "ताई, तू जा. मी थांबतो."

थांबतो. वर्तमानकाळ. आमच्या घरात वर्तमानकाळावर भविष्यकाळ खपवायची जुनी रीत आहे. मी म्हटलं, "किती दिवस? पुढचा कार्यक्रम येईपर्यंत?"

"कुठला कार्यक्रम?" तो म्हणाला. त्या आवाजात. मी त्याच्या हातातली वाटी घेतली.

१० जून, मंगळवार

त्याला शिकवतेय. कुठली गोळी कधी, आईला कुशीवर कसं वळवायचं, तिची चिडचिड मनावर कशी घ्यायची नाही. तो लहानपणी तीन बहिणींची गाणी पाठ करायचा तसा पुटपुटत पाठ करतो. एवढी अक्कल पस्तीस वर्षांपूर्वी आली असती तर. असू दे. नाही, असू दे कशाला? लिहिलं ते लिहिलं.

दार सोडून सगळं जमलं. मूठ वर उचलायची आणि मग खांदा, हे त्याला एकदम होत नाही. आधी खांदा लावतो. दहा वेळा केलं. आई आतून, "कोण आलंय रे?" बाळ म्हणाला, "कुणी नाही, आम्ही शिकतोय." आई म्हणाली, "बरं, मग शिका."

१४ जून, शनिवार

बॅग भरली, रिकामी केली, परत भरली. आईला सांगितलं तर म्हणाली, "जा की, तुला कुणी अडवलंय?"

लाल पेन घेतलेलं नाही. काम नेत नाही.

१५ जून, रविवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. निघताना रस्त्यावरून मागे वळून बघितलं, बाळ दार लावत होता. पहिल्यांदा खांदा, मग चूक कळली, मग मूठ वर.

मी निघाले. दार लावायला तो थांबला.